नाव घेण्याचे दिवस

संक्रांत तीन आठवड्यांवर आली की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शनिवारांची खेचाखेची सुरू होते. संक्रांत ते रथसप्तमी एवढाच काय तो हळदीकुंकवाचा हंगाम, त्यात शनिवार येऊन जाऊन तीन नाहीतर चार, आणि इथे परदेशातही, रेडमंडमध्ये हौशी बायकांना तोटा नाही. मधल्या वारी कोण कुणाकडे जाणार? सगळ्यांच्या मीटिंगा असतात. मग कुणीतरी नाताळच्या सुट्टीतच 'पहिला शनिवार माझा, कुणी घेऊ नका यार' असं टाकून मोकळी होते. ह्या वर्षी मी गाफील राहिले आणि माझ्या वाट्याला शेवटचा शनिवार आला. आयसेलिनहून नणंदेनं पाठवलेलं वाणाचं खोकं दारात येऊन पडलंय. स्वयंपाकघरात तीळ भाजणं चाललंय.

बाहेर तोच पाऊस. इथला हिवाळ्यातला पाऊस धड पडत नाही आणि धड थांबतही नाही. छत्री उघडावी तर लाज वाटते, न उघडावी तर ऑफिसात पोचेपर्यंत केस ओले. दुपारी चारला दिवे लावावे लागतात. ह्या पावसावर मला कधीही काव्यबिव्य सुचलेलं नाही. पण भाजलेल्या तिळाचा वास आणि काचेवरून ओघळणारं पाणी हे दोन्ही एकत्र आलं, की तीन वर्षांपूर्वीची ती संक्रांत आठवते. आई आमच्याकडे होती, आणि खालच्या मजल्यावर चिपो राहत होती.

चिपो मूळची झिम्बाब्वेची. वय पंचेचाळीसच्या आसपास, उंचपुरी, डोक्याला रंगीत रुमाल. सकाळ-दुपार शाळेची पिवळी बस चालवायची. उरलेल्या वेळात गाणं करायची. आमच्या मधली जमीन पातळ, त्यामुळे तिचा रियाज आमच्या पायाखालून यायचा. की-बोर्डवर सावकाश सोडलेले सूर, त्यावर जाड, खोल आवाजातलं गाणं. सोल म्हणतात त्याला. आणि मध्येच ती गाणं सोडून नुसतं बोलायला लागायची. आधी मला वाटायचं, फोन आला असेल. मग कळलं की ती कविता म्हणतेय, तिचीच, थोडी शोना भाषेत, थोडी इंग्रजीत. ते बोलणं कुठल्या क्षणी परत गाणं व्हायचं ते मला शेवटपर्यंत पकडता आलं नाही. सॉफ्टवेअर तपासणं, त्यातल्या चुका शोधणं, हा माझा पगारी धंदा आहे. जोड कुठे आहे ते मला लगेच दिसतं. तिच्या गाण्यातला जोड दिसायचा नाही.

पण ह्या बाईची ओळख मी करून घेतली नाही. दोन वर्षं आम्ही जिन्यात 'हाय' म्हणून एकमेकींच्या अंगावरून जात होतो. ओळख केली ती आईनं.

आई वर्ध्याहून आली तेव्हा बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. बाबा शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. आई घर सांभाळायची आणि आमच्या कॉलनीत उखाणे रचायची. रचायची म्हणजे अगदी ऑर्डरप्रमाणे. कुणाची लेक लग्नाला आली की बायका घरी येऊन बसायच्या, नवऱ्या मुलाचं नाव सांगायच्या, आणि आई वरणाला फोडणी देता देता त्याला यमक लावून द्यायची. स्वतःचा तिचा ठरलेला होता:

खडूची भुकटी शर्टावर, शाईचा डाग खिशाला,
मनोहररावांचं नाव घेते, धुणं माझ्या नशिबाला.

ह्यावर बाबा दरवर्षी लटके रागवायचे आणि दरवर्षी बाहेरच्या खोलीत दाराजवळची खुर्ची धरून बसायचे, ऐकू यावं म्हणून. एरवी आईनं त्यांना कधी नावानं हाक मारली नाही. 'अहो', 'हे', नाहीतर माझ्या भावाच्या नावावरून 'विन्याचे बाबा'. नाव फक्त उखाण्यात. मी समीरला दिवसातून पन्नास वेळा नावानं पुकारते, त्यातल्या चाळीस वेळा कचरा बाहेर ठेवलास का ते विचारायला. आईच्या तोंडी ते नाव वर्षातून चारपाचदाच यायचं, आणि येताना नटूनथटून यायचं.

बाबा गेले आणि आईनं त्यांच्याबद्दल बोलणं बंद केलं. रडली नाही असं नाही, पण बोलली नाही. पहिले काही महिने 'हे' होतं, मग तेही गेलं. 'घरात एक चष्मा पडलाय, तो कुणाला द्यायचा असेल तर दे,' असं ती फोनवर म्हणाली होती. चष्मा कुणाचा ते म्हणाली नाही. मी तिला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं त्यात माझा एक स्वार्थ होता. मला तिच्या तोंडून बाबा ऐकायचे होते. मला एकटीला ते पुरते आठवत नव्हते.

मी ऑफिसात, समीर ऑफिसात, लेक इरा शाळेत. आई घरात एकटी, पायाखाली ते गाणं. चौथ्या की पाचव्या दिवशी मी घरी आले तर ओट्यावर एक अनोळखी डबा.

"खालच्या बाईनं दिला," आई म्हणाली. "मी सांबारवडी घेऊन गेली होती." सांबार म्हणजे आमच्या वर्ध्याकडे कोथिंबीर.

"खाली? एकटी? आणि बोललीस काय तिच्याशी?"

"बोलायचं काय त्यात. वाजवून राहिली होती, मी बसून ऐकलं. छान वाजवते. लाकडाची फळी आहे, तिच्यावर लोखंडाच्या पट्ट्या, अंगठ्यानं वाजवते." ते म्बिरा नावाचं त्यांच्याकडचं वाद्य. डब्यात शेंगदाण्याचं कूट घालून शिजवलेली पालेभाजी होती. आईनं ती चाखून निकाल देऊन टाकला होता. "आपली पातळभाजीच आहे. तिखट नाही टाकत बिचारी."

मग रोजचंच झालं. चिपोच्या दोन बसफेऱ्यांच्या मधल्या वेळात आई खाली जाऊन बसायची. एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी जेमतेम. आई तिला चिपोताई म्हणायची, ती आईला आई म्हणायची. मी घरी असले की दुभाष्याचं काम माझ्याकडे. एकदा मी चिपोला विचारलं, गाण्याच्या मध्येच कविता म्हणण्याची ही पद्धत कुठून उचलली? मला वाटलं एखाद्या मोठ्या गायिकेचं नाव सांगेल.

"माझ्या आईकडून," ती म्हणाली. ती इंग्रजीत सांगत होती, मी मराठीत करून देत होते. तिच्या वडिलांचं कुळ हत्तीचं. त्यांच्याकडे प्रत्येक कुळाला एक प्राणी असतो आणि त्या कुळाची स्तुती असते, लांबलचक. वडील बाजारातून काही घेऊन आले की आई गुडघ्यावर बसायची, ओंजळीसारखे हात करून हळू टाळ्या वाजवायची आणि त्यांचं नाव न घेता कुळाची स्तुती म्हणायची. "माईता, समन्यांगा." केलंत बरं, सुळ्यांचे धनी. "मी ऐकलेली पहिली कवयित्री ती," चिपो म्हणाली. "आणि ती टोमॅटोबद्दल आभार मानत होती."

आई एकदम सरसावून बसली. "म्हणजे नाव घेत नव्हती? आपल्यासारखंच?"

"आणि तुझ्या नवऱ्याचं कुळ?" मी विचारलं.

"माकडाचं. नवरा मी सोडला. पण त्यांची स्तुती इतकी सुंदर आहे, ती कशी टाकून देऊ? ती मी गाण्यात घेतली."

हे मराठीत केल्यावर आई जी हसली, तशी ती दीड वर्षात हसली नव्हती. डोळ्यांना पदर लावून हसली.

आता जे सांगायचं ते माझ्या चुकीचं. त्या वर्षी दुसरा शनिवार माझा होता. बावीस बायका येणार होत्या. मी वाणाच्या बावीस पिशव्या भरल्या, चिपोला बोलावलं म्हणून तेविसावी भरली. आईची भरली नाही. मी विसरले असते तर बरं झालं असतं, पण मी विसरले नव्हते. पिशव्या भरताना ते माझ्या मनात आलं होतं आणि मी ते बाजूला सारलं होतं. आमच्या ग्रुपमधल्या कुणी काही म्हटलं नसतं. सगळ्या शिकल्यासवरलेल्या, भाषणं करतील अशा. पण 'तुझ्या आईंनाही कुंकू लावू ना?' असं कुणी विचारलंही नव्हतं. आणि मला वाटलं, उगाच आईला भलत्या प्रसंगात कशाला टाका. सकाळी मी तिला म्हणाले, "आई, गर्दी होईल, तू दमशील. आतल्या खोलीत पड जरा, तुझी सीरियल लावून देते."

"हो हो, मी पडते," आई लगेच म्हणाली. मी सांगायची वाट बघत असावी तशी. आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं. ती सुटका मला अजून टोचते.

बायका आल्या. ओले कोट बाथरूममध्ये टांगले, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, फोटो. चिपोही रुमाल बांधून आली. मी तिला हळदकुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला. तिला नवरा आहे की नाही हे एकीनंही विचारलं नाही. पाहुणी म्हणून ती चालून गेली. मग उखाण्यांचा आग्रह सुरू झाला. आमच्यातल्या सगळ्यात लहान मृण्मयीनं घेतला:

मीटिंगमागून मीटिंग, कॅलेंडर झालं फुल,
अमेयचं नाव घेते, किचनमध्ये तो कूल.

टाळ्या पडल्या. कुणीतरी चिपोला समजावून सांगितलं की नवऱ्याचं नाव असं कवितेत गुंफून घेतात. तिचे डोळे चमकले. "हे तर आमचंच!" म्हणाली, आणि चौफेर नजर फिरवून मला विचारलं, "आई कुठे आहे? तिला सगळ्यात जास्त येत असतील."

"आराम करतेय," मी म्हणाले.

माझ्या शेजारच्या वहिनींनी चिपोकडे झुकून हळू आवाजात सांगितलं, "हर हजबंड पास्ड अवे."

"ते मला माहीत आहे," चिपो म्हणाली. तिचा आवाज मुळातच गायकाचा, हळू बोलली तरी भिंतीपर्यंत जाणारा. "मग तर तिनं आधी म्हणायला हवं. तुमचे नवरे घरीच आहेत. ते कधीही ऐकतील."

तिला आम्हांला टोचायचं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. त्यांच्याकडे माणूस गेल्यावर त्याची स्तुती थांबत नाही, उलट तेव्हाच जास्त म्हणतात, हे तिनं मला नंतर सांगितलं. तेव्हा ती नुसती उठली, तिळगुळाची वाटी घेतली आणि आतल्या खोलीत गेली. दार लोटलेलंच होतं, कडी नव्हती. म्हणजे आईनं सगळं ऐकलं होतं. सीरियलचा आवाज केव्हाच बंद झाला होता. चिपो तासभर आतच बसून राहिली आणि बाहेर आम्ही जरा जास्तच मोठ्यानं बोलत राहिलो.

सगळ्या गेल्यावर मी भांडी लावायला घेतली. आई येऊन पुसायला लागली.

"चुकलं माझं, आई."

तिनं एक वाटी पुसली, दुसरी पुसली. "तू म्हटलं असतं तर मी आली असती का, मला नाही माहीत. नसतीच आली बहुतेक. पण तू म्हणायला पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी मी चोविसावी पिशवी भरून तिच्या पलंगावर ठेवली. तिनं ती उघडून आतली स्टीलची डबी पाहिली, "झाकण बरं बसते," म्हणाली आणि बॅगेत ठेवली. बाबांबद्दल त्यानंतरही काही नाही. आता तिला परत जायला जेमतेम तीन आठवडे उरले होते, आणि मला वाटायला लागलं की मी जे ऐकायला तिला आणलं, त्याचं दार मीच माझ्या हातानं लावून घेतलं.

त्यानंतरच्या शनिवारी गावातल्या ग्रंथालयाच्या हॉलमध्ये दुपारी तीनला चिपोचा कार्यक्रम होता. आईला तिनं स्वतः येऊन सांगितलं होतं. आई हिरवट साडी नेसून, वर समीरचं जॅकेट चढवून, पर्स मांडीवर घट्ट धरून दुसऱ्या रांगेत बसली. साठेक माणसं असतील. बहुतेक पिकल्या केसांची गोरी मंडळी, शाळेतले काही शिक्षक, बसमधल्या मुलांचे आईबाप.

चिपो बूट काढून की-बोर्डपाशी आली. जमिनीखालून ऐकलेलं गाणं समोर बसून ऐकताना वेगळं वाटलं. वर आमच्यापर्यंत फक्त भरदार स्वर यायचे. इथे तिचा श्वासही ऐकू येत होता. ती घाई करत नव्हती. एकच ओळ चार वेळा म्हणायची आणि चौथ्यांदा तिचा अर्थ बदललेला असायचा. एका गाण्यात हत्ती आले, त्यांच्यामागून टोमॅटो आले, आई माझ्याकडे बघून 'हेच ते' अशी मान हलवत होती.

मग चिपो थांबली. ओंजळीसारखे हात करून तिनं दोनदा टाळी वाजवली, हळू, पोकळ आवाजाची. म्हणाली, तुम्हाला ज्यांचे आभार मानायचे आहेत त्यांचं नाव म्हणा. जिवंत असो, गेलेलं असो. मागून कुणीतरी 'मार्गरेट' म्हणालं. टाळी. 'माय कोच,' एक म्हातारा म्हणाला. लोक जरा हसले. टाळी.

"काय म्हणून राहिली ती?" आईनं विचारलं. मी तिच्या कानात सांगितलं. मागच्या वेळी जे बोलायचं ते बोलले नव्हते, म्हणून ह्या वेळी निदान विचारावं, असं वाटून एवढंच म्हटलं, "तू म्हणतेस?"

आईनं जॅकेटची चेन खाली ओढली. घसा साफ केला. आणि त्या हॉलमध्ये, अनोळखी माणसांत, तिनं तिच्या ठरलेल्या चालीवर सुरू केलं, "खडूची भुकटी शर्टावर, शाईचा डाग..." आणि थांबली.

मला वाटलं विसरली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हे नाही जमत आता. धुणं कुठं राहिलं?"

आयुष्यभर दुसऱ्यांना यमकं जुळवून देणारी बाई, ओठ हलवत दुसरं काहीतरी शोधत होती. सापडत नव्हतं. तिचे सगळे उखाणे घरात असलेल्या माणसाचे होते. चिपो थांबून राहिली. की-बोर्डवर एकच सूर धरलेला.

"मनोहर," आई म्हणाली.

राव नाही, पुढे-मागे काही नाही. कुणाला हाक मारावी तसं. चिपोनं दोनदा टाळी वाजवली आणि पुढच्या नावाकडे वळली, जशी मार्गरेटवरून वळली होती. आईनं पर्स उघडून रुमाल काढला. मीही रडले, चांगली रडले. बाबांचं नाव आईच्या आवाजात नुसतं, असं मी तोवर ऐकलंच नव्हतं.

गाडीत वायपर चालू होते. मग आई म्हणाली, "ड्रॉइंगचे पेपर तपासायला बसले की चहा गार करायचे. तीन-तीनदा." मी गाडी घरापुढून तशीच पुढे नेली आणि उगाच जवळच्या तळ्याला दोन वळसे घातले. तिच्या ते लक्षात आलं असावं, पण ती बोलत राहिली.

चिपो आता सांता क्लाराला असते, तिचा मुलगा तिथे नोकरीला लागला. नवीन गाणं झालं की मला पाठवते. मी ते इअरफोन घालून ऐकते. नीट ऐकू येतं, पण पायाखालून यायचं तशी मजा नाही. खाली आता एक शांत जोडपं राहतं, त्यांचा आवाज म्हणून येत नाही. आईचे गुडघे गेले, त्यामुळे तिचं इकडे येणं आता होत नाही. ह्या वर्षी ग्रुपवर निमंत्रण टाकताना मी लिहिलं, 'सगळ्यांनी या, आया, सासवा, मावश्या, ज्या कुणी घरी आहेत त्या सगळ्या, कुंकू सगळ्यांना.' दोघींनी होकाराचा अंगठा टाकला, एकीनं विचारलं, पार्किंग आहे ना.

वड्या करताना आईला व्हिडिओ कॉल लावून फोन डब्याला टेकवून ठेवते. वर्ध्याला तेव्हा सकाळ असते. ती चष्मा वर करून माझ्या कढईत डोकावते.

"पाक जास्त झाला तुझा," ती आज म्हणाली. "दगड होतील. मनोहरला मऊ वडी लागत होती."

मी आच कमी केली.